गाण्याखालचं बोलणं

बाबा,

मागच्या आठवड्यात तुमचा सत्कार झाला. तुम्ही नाही म्हणून शाल माझ्या खांद्यावर आली आणि नारळ माझ्या हातात. चंद्रपूरच्या एका कॉलेजात बाईचं आयुष्य आणि सिनेमा अशा विषयावर दिवसभराचा कार्यक्रम होता. सकाळपासून पडद्यावर वेगवेगळ्या सिनेमांतले तुकडे दाखवत होते. शाळा सुटलेली मुलगी, सासरी निघालेली नवरी, नवरा गेलेली बाई, घर सोडून एसटीत बसलेली बाई. प्रत्येक तुकडा संपला की कोणीतरी उठून बाईच्या आयुष्यातल्या वळणांबद्दल बोलायचं. जेवण झाल्यावर मला उभं केलं, लग्नाचं शूटिंग करणारी बाई म्हणून. माझी ओळख करून देणाऱ्या मॅडम बाहेरून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, यांच्या वडिलांनी या भागातल्या कितीतरी स्त्रियांच्या आयुष्यातले सर्वांत महत्त्वाचे क्षण जपून ठेवले, एका अर्थी ते इथल्या स्त्रियांचे इतिहासकारच होते. टाळ्या वाजल्या. मला असं हसू फुटलं की खोकल्याचं निमित्त करून खाली बसावं लागलं. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने पाण्याची बाटली आणून दिली. तिला वाटलं, मी भारावले.

इतिहासकार. हा शब्द तुम्ही ऐकला असता तर दुसऱ्याच दिवशी पेंटरला बोलावून पाटीवर लिहून घेतला असता, ‘व्हिडिओ शूटिंग, मिक्सिंग, लॅमिनेशन’च्या खाली, पिवळ्या रंगात. म्हणून हे लिहायला बसले. तुमच्याबद्दल चांगलं बोलणारी माणसं अजून आहेत, आणि त्यांच्यातल्या एकाही माणसाने तुमच्याबरोबर लाइट धरलेला नाही. मी धरला आहे. सातवीत होते तेव्हापासून.

घुग्घुसच्या घराची समोरची खोली म्हणजे तुमचा स्टुडिओ. खाणीची काळी धूळ रात्रभर आत यायची आणि सकाळी आई ओल्या फडक्याने दोन्ही व्हीसीआर, टीव्ही आणि तुमची खुर्ची पुसायची. मशीनच्या बटणांना मात्र तिने बोट लावायचं नाही. भिंतीवर धबधब्याचा पडदा होता, त्याच्यापुढे उभं राहून खाणीतली पोरं फोटो काढून घ्यायची. गिऱ्हाईक आलं की तुम्ही आतल्या दाराकडे न पाहता म्हणायचात, “चहा.” एवढंच. कोणाला म्हणताय ते सांगायची कधी गरज पडली नाही. तुम्ही आयुष्यभर बाया शूट केल्यात बाबा, नवऱ्या शूट केल्यात, नवऱ्यांच्या आया, करवल्या, ओटी भरलेल्या पोटुशा बाया, बारशाच्या बाळंतिणी. पण त्या सगळ्या कॅसेटींमध्ये माझी आई एक मिनिटसुद्धा नाही. एका ठिकाणी तिचा हात आहे. कॅमेऱ्याचा पांढरा रंग जुळवायला तुम्ही तिला पांढरं फडकं धरून उभं केलं होतं, त्यात मनगटापर्यंत हात आला आहे.

तुमची कला मला पाठ आहे. नवरीला तीन कामं होती. एक, मान खाली. दोन, हसायचं तर तोंड मिटून, कारण “दात दिसते मंग चांगलं नाई दिसत.” तीन, निघायच्या वेळी रडायचं. गाणीही तुमच्याकडे तीनच होती, एक हळदीचं, एक वरातीचं, एक बिदाईचं. मुलगी गोंडपिपरीची असो की बल्लारपूरची, शिकलेली असो की शेतावर जाणारी, तिच्या आयुष्याला तुमच्या तीन गाण्यांत बसावंच लागायचं. तिचा चेहरा आधी गुलाबाच्या फुलातून उगवायचा आणि शेवटी बदामात बुडायचा. एखादी रडली नाही तर तुम्ही बिदाई पुन्हा करायला लावायचात. गाडीत बसलेली नवरी खाली उतरायची, आईच्या गळ्यात पुन्हा पडायची, आणि तुम्ही मागून सांगायचात, “बाई, थोडं अजून. चेहरा इकडं. हां, रडा.” मी लाइट घेऊन उभी असायचे. त्या लाइटने माझा तळहात भाजायचा आणि नवरीचा चेहरा घामाने थबथबायचा. कॅसेटमध्ये तो घामही अश्रूंसारखा दिसायचा. तुम्हाला ते फार आवडायचं.

आणि आपल्या समाजातल्या लग्नांचं काय करत होतात? आपल्यात मंगल परिणय अर्ध्या तासात होतो. पांढरी साडी, वंदना, पंचशील, दोन माळा, संपलं. मुलीचं दान करायची पद्धत आपल्या लोकांनी धर्म बदलला तेव्हाच टाकून दिली. विहारात त्यावर भाषण असलं की तुम्ही पहिल्या रांगेत बसायचात, जोरात मान हलवायचात. मग लग्नाच्या मांडवात यायचात आणि नवरीच्या बापाला म्हणायचात, “भाऊ, पोरीचा हात धरून त्याच्या हातात द्या. हळू. पुन्हा एक वेळा द्या.” एकदा एका बौद्धाचार्यांनी तुम्हाला अडवलं होतं. “हे काय करून राह्यले तुमी? आपल्यात नाई हे.” तुम्ही लाचार हसलात आणि म्हणालात, “सर, शॉट चांगला येते.”

पंधरा वर्षांची असताना एका लग्नात तुम्ही जेवायला बसलात आणि कॅमेरा माझ्याकडे दिलात, सांभाळायला. मी मांडवाच्या मागे गेले. तिथे नवरीच्या मावश्या, आत्या भांड्यांच्या ढिगाजवळ बसल्या होत्या. एका म्हातारीने व्याह्याचा फेटा कुठून तरी पळवून डोक्यावर ठेवला होता आणि त्याच्यासारखी मिशीवर ताव मारत ती मानपानावरून रुसून दाखवत होती. बाया हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. नवरीही हळूच मागच्या दाराने येऊन त्यांच्यात बसली होती, दात दाखवत. मी ते सगळं घेतलं. घरी आल्यावर तुम्ही ते पाहिलंत आणि लहान पोराच्या हातून विळा काढून घ्यावा तसा रिमोट माझ्या हातून काढून घेतलात.

“हे कोण पाह्यणार हाय?”

“बाबा, मस्त हाय ना. पाहा ना, नवरी कशी हसून राह्यली.”

“बाया खिदळते हे लग्नाच्या कॅसेटीत पाह्यजे काय? अक्कल हाय काय तुले? शूटिंग म्हणजे लोकाईले दाखवाचं असते ते.”

आणि पुसलंत. ती नवरी पुढे बाळंतपणात गेली. तिच्या आईकडे आजही तुमची कॅसेट आहे, तिच्यात ती गुलाबातून उगवते आणि बदामात बुडते आणि मधल्या पूर्ण वेळात मान खाली घालून बसलेली असते. तुम्ही जपून ठेवलेला क्षण तो.

पण मला लिहायचं आहे ते दुसऱ्या लग्नाबद्दल. तुम्हाला कोणतं ते कळलंच असेल. गोंडपिपरीच्या पुढचं, जंगलाला लागून असलेलं खेडं. आपल्याच समाजातली माणसं. मुलगी चंद्रपुरात नर्सिंगचं शिकत होती, एक वर्ष झालं होतं. मुलगा आपल्याकडच्या सिमेंट कारखान्यात. ऑर्डर मुलाकडच्यांची होती. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, ती माझ्याएवढीच. लग्नाच्या सकाळी तुम्ही नेहमीप्रमाणे नवरीच्या खोलीत शिरलात, शृंगाराचा शॉट घ्यायला. आत पाच-सहा बाया होत्या. ती आरशासमोर बसली होती. मी लाइट लावला. तुम्ही म्हणालात, “बाई, आरशात पाहा. आता थोडं हसा.”

तिने आरशात पाहिलं. पण स्वतःकडे पाहिलं नाही. आरशात तिच्या खांद्यामागे तुमचा कॅमेरा दिसत होता, तिने थेट त्याच्या काचेत पाहिलं आणि शाळेत उभं राहून उत्तर द्यावं तसं स्वच्छ आवाजात बोलली.

“भाऊ, मले हे लगन नाई कराचं. मले नर्सिंग पुरं कराचं हाय. घरी सांगतलं, कोणी आयकून नाई राह्यलं. तुमच्या कॅमेऱ्यात तरी राहू द्या.”

तिच्या मावशीने तोंडाला पदर लावला आणि मग उगाच हसली, “घाबरली वं पोरगी. सारेच घाबरते.” तुमचा कॅमेरा हलला नाही. मी तुमच्याकडे पाहिलं, आणि त्या एका क्षणी मला तुमचा अभिमान वाटला, बाबा. मला वाटलं, हे थांबणार, कॅमेरा खाली ठेवणार, बाहेर जाऊन तिच्या बापाला म्हणणार की भाऊ, जरा आत या. आपल्या समाजात अशी माणसं मी पाहिली होती. तुमचं वय होतं, मान होता, तुमचं ऐकलं असतं.

तुम्ही म्हणालात, “छान. आता बांगड्या.”

लग्न लागलं. पुढच्या आठवड्यात तुम्ही मिक्सिंगला बसलात आणि त्या जागी हळदीचं गाणं टाकलंत. तिचे ओठ हलतात आणि वर गाणं वाजतं. तुम्ही ते दोनदा मागे घेऊन पाहिलंत, खूश झालात, मला हाक मारलीत. “पाह्य, पाह्य. पोरगी गाणंच म्हणून राह्यली असं वाटते.” माझ्या हातात तुमचा चहा होता. मी तो टेबलावर ठेवला आणि आत गेले. तुमच्याविषयी मला जे वाटतं ते त्या दिवशी सुरू झालं. राग म्हणावा तर राग काही दिवसांत उतरतो. हे उतरलं नाही. तुम्ही दुष्ट असतात तर एक वेळ परवडलं असतं. दुष्ट माणसाला समोरचं काय म्हणतंय ते निदान ऐकू येतं. तुम्हाला फक्त ओठ दिसले.

सासरी तिला शिक्षण सोडायला लावलं. हात उचलला. ती काही महिन्यांत माहेरी परत आली आणि पुन्हा जायला तयार होईना. तिच्या बापाचा ताठा तोवर उतरला होता, पण मुलाकडचे सोडचिठ्ठीला तयार नव्हते, म्हणून समाजाची बैठक ठरली. ते म्हणत होते, पोरगी राजीखुशीने आली होती, आता कोणीतरी भरवून दिलं, कॅसेटीत पाहा कशी हसते. तेव्हा तिची आई आपल्याकडे आली. पायात चप्पल नव्हती, तुटली म्हणून पिशवीत घेतली होती. ती तुमच्यासमोर स्टुलावर बसली, तुम्ही “चहा” म्हणालात.

“भाऊ, माह्या पोरीनं कॅमेऱ्यात सांगतलं होतं म्हणते. ते असंन तर द्या. बैठकीत दाखवतो.”

“पुसलं बाई ते. मिक्सिंग झालं का मूळ कॅसेट पुसतो आमी. वापरतो पुन्हा.”

मूळ कॅसेट तिच्या डोक्यावरच्या फळीवर होती. त्यावर गावाचं नाव तुमच्याच अक्षरात होतं. ती वाचायला शिकलेली नव्हती, नाहीतर मान वर केली असती तरी दिसलं असतं. मी दारात उभी होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, ते पाहणं मी विसरले नाही. ती चहा पिऊन, कप स्वतः विसळून गेली. मी म्हणाले, “बाबा, कॅसेट हाय ना.” तुम्ही उठलात, कॅसेट काढलीत, मशीनमध्ये घातलीत आणि कोणाच्या तरी पोराचा वाढदिवस तिच्यावर उतरवून घेतलात. “आता नाई,” म्हणालात. “पार्टी मुलाकडची हाय. उद्या कोणी बोलावंन काय आपल्याले?” टीव्हीवर ते पोरगं फुगे फोडत होतं आणि त्याच्याखाली ती मुलगी पुसली जात होती. आई आत तवा घासत होती. तिने सगळं ऐकलं होतं, कारण मध्येच तवा घासल्याचा आवाज थांबला होता.

बैठक त्यांच्या गावच्या विहाराच्या अंगणात भरली, भर दुपारी. मुलाकडच्यांनी पुरावा म्हणून कॅसेट आणली आणि ती दाखवायला व्हीसीआर पाहिजे म्हणून तुम्हालाच बोलावलं. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून गेलात. मी वायरी धरायला. गावातलाच एक टीव्ही लोखंडी स्टुलावर ठेवला, दोन्हीकडची माणसं सतरंजीवर बसली, बाया एका बाजूला, पोरं झाडावर चढून. ती आईजवळ बसली होती, मान ताठ. मुलाचा काका उभा राहून म्हणाला, “पाहा सारे. याले जबरदस्ती म्हणते काय?” आणि तुमचा गुलाब उमलला.

लोक पाहत होते. हळद, बांगड्या, आरसा. तिचे ओठ हलले आणि गाणं वाजलं. झाडावरची पोरं हसली. पंचांतला एक म्हातारा म्हणाला, “पोरगी तं गाणं म्हणून राह्यली बापा.” तुम्ही टीव्हीच्या बाजूला हात बांधून उभे होतात, कलावंत उभा राहतो तसे. मी कधी उठले मला कळलं नाही. टीव्हीचं बटण माझ्या हाताशी होतं, मी आवाज पूर्ण बंद केला. पडद्यावर ती बोलतच होती.

मी म्हणाले, “हे गाणं मांगून टाकलं हाय. माह्या बाबानं टाकलं. गाण्याखाली तिचं बोलणं होतं. लाइट मी धरून होती. मी आयकलं.”

तुम्ही म्हणालात, “चूप बस.” मी बसले नाही.

मग ती उभी राहिली. साडीचा पदर खोचून घेतला, जसं काही काम करायचं आहे. “काय म्हणलं होतं ते मीच सांगतो,” ती म्हणाली. आपल्याकडच्या काही बाया ‘सांगतो, करतो’ असं पुरुषासारखं बोलतात, तसं. “मले हे लगन नाई कराचं, मले नर्सिंग पुरं कराचं हाय, असं म्हणलं होतं. तवा गाणं लावलं. आता कोणतं गाणं लावता?”

मुलाचा काका काहीतरी ओरडला. तेवढ्यात बायांमधून तिची मावशी उठली, तीच, पदर लावून हसणारी. ती कोणाकडेही न पाहता, जमिनीकडे पाहत बोलली, पण बोलली. “मी बी होती खोलीत. मी बी आयकलं. खोटं काऊन सांगू.” आणि तिच्या मागून अजून एक बाई, मग अजून एक. त्या खोलीत असलेल्या सगळ्या एकेक करत उठल्या. पंचांतला म्हातारा मुलाच्या बापाला म्हणाला, “हे असं हाय मंग. पोरीले मोकळी करा.” त्या दिवशी सोडचिठ्ठी ठरली. जूनमध्ये ती परत चंद्रपूरला कॉलेजात गेली.

एवढं सगळं चाललं होतं, तिची आई रडत होती, मुलाकडचे चपला शोधत होते, तेव्हा तुम्ही काय करत होतात सांगू? तुम्ही टीव्हीसमोर उकिडवे बसून कॅसेट रिवाइंड करत होतात. शेवटपर्यंत. कॅसेट मध्येच काढली की खराब होते म्हणून.

परतताना मोटारसायकलवर मी मागे, मांडीवर व्हीसीआर. दोन्ही बाजूंनी सागाचं जंगल, पानं गळून गेलेली. गोंडपिपरी ओलांडल्यावर तुम्ही म्हणालात, “आता मले कोण बोलावंन?” त्या मुलीचं काय होईल, तिच्या आईचं काय होईल, माझ्या पोरीने हे काय केलं, यातलं काही तुमच्या डोक्यात नव्हतं. मले कोण बोलावंन. घरी आलो. आईने तुम्हाला वाढलं. तुम्ही जेवून उठल्यावर ती भांडी घासायला बसली, मी पाणी टाकायला. तिने वर न पाहता एवढंच विचारलं, “सांगतलं काय तू?” मी हो म्हणाले. ती म्हणाली, “बरं केलं,” आणि राखेचा हात तसाच माझ्या गुडघ्यावर ठेवला.

वर्षाच्या आत तुम्ही माझं लग्न ठरवलंत. मुलगा चांगला निघाला, खाणीत होता, शिफ्ट करून दमून यायचा आणि कमी बोलायचा. पण त्यात तुमचं कौतुक नाही, तुम्ही त्याला पाहिलंही नव्हतं नीट. माझ्या लग्नाचं शूटिंग तुम्हीच केलंत. दुसऱ्याला देववेना. बाकीच्या मुलींचे बाप मांडवात पाहुण्यांना पाणी विचारतात, माझा बाप एक डोळा मिटून माझ्याभोवती फिरत होता. निघताना मी आईला मिठी मारली आणि तुमचा आवाज आला, “रड.” मी रडले नाही. तुम्ही पुन्हा करायला लावलंत. मी पुन्हा मिठी मारली, पुन्हा रडले नाही. आई माझ्या कानात म्हणाली, “नोको रडू.” तिसऱ्यांदा मी सरळ गाडीत जाऊन बसले.

दोन महिन्यांनी कॅसेट सासरी आली. सगळे जमून पाहायला बसले. गुलाब, माळा, वंदना. मग बिदाई आली, तिसरं गाणं लागलं आणि पडद्यावर मी आईच्या खांद्यावर डोकं टाकून हमसाहमशी रडत होते. माझी सासू डोळे पुसत म्हणाली, “किती रडली वं तू. बापाची लाडकी दिसतं.” मी जवळ जाऊन पाहिलं. ती मी नव्हते. पाठमोरी होती, चेहरा खांद्यात लपलेला, आणि समोरच्या बाईच्या तोंडावर पदर. पांढरी साडी, डोक्यात मोगरा. आपल्यात सगळ्या नवऱ्या पांढरी साडी नेसतात, त्याचा तुम्ही असा फायदा घेतलात. कोण होती ती, बाबा? कोणत्या गावची? कोणाच्या खांद्यावर? तिचं रडणं खरं होतं की तुम्ही करून घेतलेलं, मला आजही माहीत नाही. माझी पोरं ती कॅसेट पाहून मोठी झाली. लहानपणी मुलगी त्या शॉटला टाळ्या वाजवून म्हणायची, “आई रडली, आई रडली.”

पुढचं तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला दम लागायला लागला, खाणीत कधी न जाताही छातीत तीच धूळ. कॅमेरा उचलेना. घेतलेल्या ऑर्डरी होत्या, म्हणून मी गेले. आधी तुमची मुलगी म्हणून बोलवायचे, नंतर बाई आहे तर बायांच्या खोलीत जाऊ शकते म्हणून. घुग्घुसच्या मुसलमान मोहल्ल्यातून पहिलं मोठं काम त्यामुळेच आलं, तिथल्या बायांनी माझ्यासमोर मोकळेपणी गाणी म्हटली आणि मी ती तशीच ठेवली. आता माझ्याकडे ड्रोन आहे. लग्नाआधी नवरा-नवरी तलावाकाठी पळतात, ते मी घेते. मुली स्वतः मोबाइलवर दाखवतात, ताई, मला अस्संच रडायचंय, इथून, स्लो मोशनमध्ये. म्हणजे तुम्ही गेलात तरी तुमचं दुकान चालूच आहे, फक्त आता ‘रड’ म्हणायला माणूस लागत नाही. मीही घेते तसले शॉट. घर चालवायचं आहे. पण सकाळी एकदा मी सगळ्यांना बाहेर काढते, नवरीसमोर बसते आणि विचारते, काही सांगायचं हाय काय? बहुतेक जणी लाजतात. एक म्हणाली, मले भूक लागली हाय. एकीने बहिणीला उद्देशून इतकं वाईट काही सांगितलं की दोघी अजून बोलत नाहीत. जे म्हणतात ते मी ठेवते, आवाजासकट. त्याच्यावर गाणं टाकत नाही.

नर्सिंगवाली आता भामरागडच्या रस्त्यावर एका सरकारी दवाखान्यात आहे. गोंडी शिकली, बाळंतपणं करते. तिने पुढे स्वतःच्या पसंतीने लग्न केलं तेव्हा मी विचारलं होतं, फुकट करते, येऊ काय? ती म्हणाली, “फोटो काढ वाटलं तर. शूटिंग नोको.” मला वाईट वाटलं नाही. तुमचीच पुण्याई.

तर त्या मॅडमना मी हे सगळं सांगायला पाहिजे होतं. पण हातात नारळ होता आणि मागे जेवणाची भांडी वाजत होती. म्हणून इथे, मिक्सिंगच्या कॉम्प्युटरवर लिहिते आहे. पाठवायचं कुठे हा प्रश्न नाही. जिवंत असतात तरी पाठवलं नसतं. तुम्ही पहिलं पान वाचून विचारलं असतं, हे कोण वाचणार हाय?

एकच राहिलं. तुमच्या शेवटच्या हिवाळ्यात मी तुमच्याकडे आले होते आणि मी शूट केलेलं एक लग्न टीव्हीवर लावून पाहत होते. तुम्ही समोरच्या खोलीत खाटेवर होतात, भिंतीला टेकून, आणि मला वाटलं, झोपले. त्या लग्नात बाया बोलत होत्या, भांडत होत्या, नवरीची आजी वरबापाची खोड काढत होती, गाणं कुठेच नव्हतं. तासभर चाललं. संपल्यावर मी वळून पाहिलं, तर तुमचे डोळे उघडे होते. मी वाट पाहत होते, आता म्हणाल, गाणं काऊन नाई टाकलं. तुम्ही दम घेतलात आणि म्हणालात, “आवाज साफ आला.”

एवढंच. मग कूस बदललीत. त्या दिवशी मी स्वयंपाक करताना गुणगुणत होते, बाबा. आई माझ्याकडे पाहत होती, आणि काय झालं ते मी तिलासुद्धा सांगितलं नाही.